सायकलीचा फोर्क घरीं उघडावा काय?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शाळेच्या सायकलखान्यांत एक मोठें स्थित्यंतर झालें आहे. सरळ दांड्याच्या, काळ्या रंगाच्या, घंटा व कॅरिअर लावलेल्या सायकली आतां मोजक्याच उरल्या असून त्यांच्या जागीं रुंद टायरांच्या डोंगरी सायकली येऊन उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या पुढील चाकाच्या दोन्ही अंगांस ज्या जाड, सरकत्या नळ्या दिसतात त्यांच्या जोडीस सस्पेन्शन फोर्क म्हणतात. आमचे सायकलवाले जुन्या चिमट्याहून तिचें वेगळेपण दाखविण्यासाठीं तिला शॉकप म्हणतात. मुलांस तिचा अभिमान वाटतो व तो साहजिक आहे. परंतु सायकल घेऊन दोन पावसाळे लोटले तरी त्या नळ्यांच्या आंत काय आहे, हें फारच थोड्या मुलांनीं पाहिलेलें असतें.

ह्या फोर्काची सफाई व तेलपाणी विद्यार्थ्यानें स्वतः घरीं करावें कीं नाहीं, असें कित्येक पालक आम्हांस विचारितात. आमचें उत्तर असें आहे कीं, करावें. मात्र कोठें थांबावयाचें हें आधीं ठरवून करावें. हें उत्तर कित्येकांस रुचत नाहीं, म्हणून त्याचीं कारणें येथें जरा विस्तारानें मांडितों.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. वरच्या दोन गुळगुळीत नळ्या हँडलाच्या बाजूस जोडलेल्या असतात; खालच्या दोन रुंद नळ्या, एकमेकींशीं कमानीनें सांधलेल्या, पुढील चाकाचा आंस धरितात. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें वरच्या नळ्या खालच्या नळ्यांत सरकतात. चांगल्या प्रतीच्या फोर्कांत एका नळींत स्प्रिंग असते, मग ती पोलादाची असो कीं कोंडलेल्या हवेची असो. आणि दुसरींत डॅम्पर म्हणजे तेलाचा रोधक असतो. चाक दगडावर आदळलें म्हणजे स्प्रिंग दबते व तो धक्का सांठवून ठेविते. पण सांठविलेलें परत देणें हा स्प्रिंगेचा स्वभाव आहे. तिला एकटी सोडिली तर ती स्वारास चेंडूसारखा उडवील. म्हणून डॅम्परांतील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें, आणि त्या खटाटोपांत धक्क्याची शक्ति उष्णतारूपानें निघून जाते. शक्तीच्या अक्षय्यतेचा नियम आमच्या मुलांस तोंडपाठ असतो; येथें तो काम करितांना सांपडतो. हवेची स्प्रिंग असेल तर बॉईलचा नियमही हाताशीं लागतो. हवेची जागा निम्मी झाली म्हणजे तिचा दाब दुप्पट होतो, म्हणून अशी स्प्रिंग आरंभीं मऊ व शेवटीं ताठ लागते. प्रयोगशाळेंतील काचेच्या नळीपेक्षां हा धडा मुलाच्या मनगटांस अधिक लौकर समजतो.

ह्या दोहोंखेरीज आणखी एक वस्तु आंत असते. तिचें नांव जाहिरातींत येत नाहीं, आणि आमच्या लेखाचा विषय तीच आहे. खालच्या नळ्यांच्या तळाशीं थोडें तेल मोकळें ठेवलेलें असतें. कित्येक नमुन्यांत तें एका नळींत अवघें ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या एकदोन चमच्यांइतकेंच असतें. फोर्क वरखालीं झाला कीं तें उडून आंतील बुशांस व नळीच्या तोंडाशीं बसविलेल्या स्पंजाच्या कड्यांस ओलें ठेवितें. त्या कड्यांच्या वर रबरी सील असतें. धुळीस आंत येऊं न देणें व तेलास बाहेर जाऊं न देणें, असें दुहेरी द्वारपाळाचें काम तें बिचारें करितें. पण उन्हाळ्यांतील फुफाटा, कोंकणांतील तांबडी माती व घाटावरील पावसाळी चिखल ह्यांपुढें कोणताही द्वारपाळ कायमचा टिकत नाहीं. बारीक कण आंत शिरतात, तेलांत मिसळतात, आणि मग तेंच तेल पॉलिशकागदासारखें काम करूं लागतें. वरच्या नळीवरील कठीण लेप एकदां घासला गेला म्हणजे तो घरीं भरून निघत नाहीं. बहुतेक फोर्कांत त्या नळ्या वरच्या जोडणींत दाबून पक्क्या बसविलेल्या असतात, त्यामुळें एकटी नळी न बदलतां तो सबंध वरचा सांगाडाच बदलावा लागतो. चमचाभर तेलाची हयगय व तिचा असा दंड!

आणि ही हयगय कळून येत नाहीं, हीच खरी अडचण आहे. साखळी सुकली तर ती कुरकुरते. ब्रेक झिजला तर तो ओरडतो. फोर्क मात्र हळूहळू ताठ होत जातो, आणि स्वार त्या ताठपणास नकळत सरावत जातो. म्हणून कारखानदार तासांची मुदत घालितात. रॉकशॉक्स कंपनीच्या पुस्तिकांत खालच्या नळ्यांची सफाई ५० तासांच्या स्वारीनंतर करावी असें सांगितलें आहे. फॉक्स कंपनी आपल्या फोर्कांच्या संपूर्ण तपासणीसाठीं १२५ तास किंवा एक वर्ष, ह्यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी मर्यादा ठरविते. आतां हिशेब पाहा. आठवड्यांतून सहा दिवस, रोज एक तास सायकल चालविणाऱ्या मुलाचे ५० तास सुमारें दोन महिन्यांत भरतात. सडकेवरील तास डोंगरांतील तासाइतका कठोर नसतो हें खरें. पण पावसांतला तास दोहोंहून कठोर असतो. आमच्या मतें प्रत्येक मुलानें एका लहान वहींत आपले तास मांडून ठेवावे.

आतां पालकांच्या आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, असल्या नाजूक यंत्रास मुलानें हात लाविला तर तें बिघडेल. दुसरा असा कीं, हें मिस्त्रीचें काम आहे. पोरांनीं पुस्तकें वाचावीं. पहिल्या आक्षेपांत तथ्य आहे व त्याचा विचार पुढें करितों. दुसऱ्याविषयीं मात्र आम्हांस जरा स्पष्ट बोलावेंसें वाटतें.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळीं घरगुती दुरुस्तींतून झाला आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत फेअरफॅक्स गांवाजवळ एक उभ्या उतरणीची वाट आहे. १९७६ च्या ऑक्टोबर महिन्यापासून तेथें कांहीं तरुण जुन्यापान्या, जाड टायरांच्या सायकलींवरून शर्यती लावूं लागले. त्या सायकलींना पेडल उलट दाबून लागणारा ब्रेक मागच्या हबांत असे. उतारावर तो इतका तापे कीं हबांतील ग्रीस धूर होऊन निघून जाई, आणि खालीं पोहोंचल्यावर हब उघडून त्यांत पुन्हां ग्रीस भरावें लागे. ह्या पुन्हां भरण्यावरूनच त्या वाटेस रीपॅक हें नांव पडलें. त्याच मंडळींतील जो ब्रीझ ह्यानें १९७७ मध्यें ह्या कामासाठीं मुद्दाम नवी चौकट बांधिली, आणि पुढें १९८९ मध्यें पॉल टर्नर ह्यानें रॉकशॉक्स कंपनी काढून डोंगरी सायकलींस सस्पेन्शन फोर्क पुरविण्यास आरंभ केला. ज्या खेळाच्या पहिल्या शर्यतीचें नांवच ग्रीस भरण्यावरून पडलें, तो खेळ खेळणाऱ्या मुलास ग्रीसचा डाग लागूं नये असें म्हणणें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आणि आम्ही ख्रिस्ती लोक तर हातकामास हलकें म्हणूं शकतच नाहीं. आमचा प्रभु नासरेथांत सुतारकाम करीत असे, आणि करिंथ शहरांत पौल हा अक्विल्लाच्या घरीं राहून तंबू करीत असे, हें आमच्या रविवारच्या शाळेंतील लहान मुलेंही जाणतात. मिशनांच्या इतिहासांतही पोथी व अवजार हीं एकमेकांपासून फार दूर नव्हतीं. बासेल मिशननें १८६५ मध्यें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढिला तो सर्वश्रुत आहे. कोणी म्हणेल, मुलांचें एक असो, मुलींस हें कशाला? त्यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनाचें स्मरण करावें. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यांत छापलें गेलें, आणि खिळे जुळविण्यापासूनचीं कामें तेथल्या स्त्रियांनीं व मुलींनीं केलीं. रमाबाई १९२२ मध्यें निवर्तल्या व ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला. छापखान्यांतील शाईपेक्षां फोर्कांतील तेल हातांवरून लौकर निघतें, एवढें येथें सांगून ठेवितों.

आतां पहिला आक्षेप. बिघडेल काय? अविचारानें केलें तर अवश्य बिघडेल, आणि बिघडण्यापेक्षांही वाईट होईल. म्हणून पहिल्या खेपेस काय करावें व कशास हात लावूं नये, हें सांगतों. आपल्या फोर्काच्या नेमक्या नमुन्याची पुस्तिका कारखानदार प्रसिद्ध करितात; ती वडिलांसह आधीं पुरती वाचावी. तेलाचें माप व बोल्ट किती आंवळावा ह्याचा आंकडा नमुन्यागणिक बदलतो, म्हणून शेजारच्या मित्राच्या फोर्कावरून आपला फोर्क जोडूं नये.

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या पुष्कळ सायकलींना पोलादी स्प्रिंगेचा साधा फोर्क असतो. त्यांत कोंडलेली हवा नसते, आणि बहुधा मोकळ्या तेलाऐवजीं ग्रीसच असतें. तळाचे दोन नट किंवा बोल्ट काढले कीं खालच्या नळ्या उतरतात. आंत पुसून, नवें ग्रीस लावून पुन्हां बसवितां येतात. शिकण्यास ह्याहून चांगलें यंत्र नाहीं. स्वस्त फोर्क लाभलेल्या मुलांनीं त्याविषयीं खंत न बाळगितां त्यावरच हात बसवावा. अगदीं हलक्या प्रतीचे कांहीं फोर्क उघडण्याजोगे केलेलेच नसतात. तेथें जोर करण्यांत अर्थ नाहीं.

हवेचा फोर्क असेल तर सर्वांत पहिलें काम म्हणजे सारी हवा सोडून देणें. मोटारीच्या चाकांत सामान्यतः ३० ते ३५ पौंड दाब असतो. फोर्कांत पुष्कळदां त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. एवढा दाब आंत ठेवून कोणी भाग उघडला तर तो गोळीसारखा सुटून डोळा फोडूं शकतो. हवा सोडतांना घाई करूं नये. फोर्क दोनचार वेळां दाबून, पुन्हां व्हाल्व दाबून पाहावा, आणि पंपाच्या कांट्यावर शून्य दिसल्यावांचून पाना हातीं घेऊं नये. ह्या एका बाबतींत आम्ही पालकांस कडक राहावयास सांगतों. पुढच्या कामांत त्यांनीं जवळ बसावें, विचारिलें तर सांगावें, पण मुलाच्या हातांतील पाना काढून घेऊं नये.

मग पुढचें चाक काढावें, आणि डिस्कब्रेक असल्यास ब्रेकचा भागही फोर्कावरून सोडवून, कापडांत गुंडाळून बाजूस बांधावा. हें सांगण्याचें कारण मोठें आहे. फोर्काच्या तेलाचा एक थेंब ब्रेकच्या पॅडवर किंवा चकतीवर पडला तर ब्रेकची पकड जाते. फोर्क उत्तम झाला आणि घाटांत ब्रेक लागला नाहीं, अशी दुरुस्ती काय कामाची? चाक दूर दुसऱ्या खोलींत ठेवावें व तेलाच्या हातानें त्यास शिवूं नये.

खालीं परात मांडावी. उजव्या नळीच्या तळाशीं बहुधा तांबड्या रंगाची एक कळ असते, ती ओढून काढावी. मग तळाचे बोल्ट तीनचार फेरे सैल करावे, पण काढूं नयेत. आतां रबरी किंवा प्लास्टिकच्या हातोडीनें त्या बोल्टांच्या डोक्यावर टोला द्यावा. आंतील दांडा तळाशीं घट्ट बसलेला असतो, तो त्या टोल्यानें सुटतो. येथें पहिल्यांदा करणाऱ्याचा हात थरथरतो, आणि तो पुस्तिकेकडे पुन्हां एकदां पाहातो. हें चांगलें लक्षण आहे. लोखंडी हातोडी मात्र वापरूं नये. बोल्ट निघाले कीं तेल परातींत उतरतें, आणि खालच्या नळ्या सरळ ओढल्यास बाहेर येतात.

ह्या क्षणीं काम थांबवून तें तेल पाहावें असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. तें स्वच्छ असेल तर आपली मुदत योग्य होती. काळेंकरडें असेल तर उशीर झाला. दुधासारखें पांढुरकें असेल तर आंत पाणी शिरलें आहे. तें पावसाचें असेल, किंवा आपणच जोराच्या फवाऱ्यानें सायकल धुतली असेल. कांहींच आलें नाहीं, तर फोर्क इतके दिवस कोरडाच घासत होता. वर्षभर सायकल कशी वापरली ह्याचा जणूं लेखी जबाबच त्या परातींत पडलेला असतो, व त्यांत खाडाखोड करितां येत नाहीं.

सफाईस आपल्या घरोघर रॉकेलची संवय होती. येथें तें नको. रबरी सीलांस तें मानवत नाहीं. आयसोप्रोपिल अल्कोहोल व धागे न सुटणारें कापड घ्यावें, काठीस गुंडाळून नळ्या आंतून पुसाव्या. स्पंजाच्या कड्या हळूच काढून, स्वच्छ करून, नव्या तेलांत भिजवाव्या. सील मात्र पहिल्या खेपेस बदलूं नये असें आमचें मत आहे, कारण तें उपटतांना नळीच्या तोंडास ओरखडा पडण्याचा संभव असतो. तें फाटलेलें नसेल तर त्याची कड पुसून, तिला फोर्कासाठीं असलेलेंच ग्रीस लावावें. चाकाच्या बेअरिंगचें जाड ग्रीस नव्हे.

जोडतांना सीलाची कड आंत मुडपूं नये म्हणून दोन्ही नळ्या एकदमच व सरळ आंत घ्याव्या. त्या अर्ध्या सरकल्या म्हणजे फोर्क आडवा कलता धरून, तळाच्या छिद्रांतून सिरिंजेनें मोजून तेल सोडावें. अधिक तेल म्हणजे अधिक चांगलें, ही समजूत आमच्याकडे डोक्यापासून पोळीपर्यंत सर्वत्र आहे. फोर्कांत ती चालत नाहीं. मग नव्या वॉशरांसह बोल्ट लावावे. कित्येक नमुन्यांत ते ७ न्यूटन-मीटरच्या आसपास, कांहींत त्याहूनही कमी आंवळावयाचे असतात. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित करून पाहावें: १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास सुमारें पावणेपांच किलोचा भार दिला कीं ७ न्यूटन-मीटर होतात. म्हणजे हाताचा सारा जोर लावणें सोडाच, त्याचा लहानसा अंशही पुरतो. आंतील दांडे हलक्या धातूचे असतात. त्यांचे आटे एकदां गेले म्हणजे गेले. माप दाखविणारा पाना मिळाला तर अंदाजानें कधींही आंवळूं नये.

पुढें ब्रेक व चाक बसवून, शॉकपच्या लहान पंपानें हवा भरावी. चाकाचा मोठा पंप एका दट्ट्यांतच प्रमाणाबाहेर जातो. स्वार बसल्यावर फोर्क आपल्या एकंदर चालीच्या पांचव्या ते चौथ्या हिश्शाइतका दबला म्हणजे हवा ठीक झाली. रात्रभर खालीं जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवावें. सकाळीं त्यावर डाग नसेल तर आधीं शाळेच्या मैदानावर, मग सडकेवर, आणि त्यानंतरच डोंगरांत जावें. काम झाल्यावर एखादा वॉशर हातांत शिल्लक राहिला तर तो खिशांत न टाकतां पुन्हां सारें उघडावें. आमच्या अनुभवानें मुलाची परीक्षा येथें होते, कारण तो वॉशर दुसऱ्या कोणीं पाहिलेला नसतो.

आणि कोठें थांबावयाचें? डॅम्परपाशीं. त्याचें पुडकें सबंध व कोरडें दिसत असेल तर त्यास तसेंच राहूं द्यावें. तें उघडण्यास निराळीं हत्यारें लागतात, आंतील हवेचा बुडबुडा काढण्याची कला लागते, आणि कांहीं जातींत दाबलेला वायु कोंडलेला असतो. वरच्या नळीवर नखास लागेल असा ओरखडा दिसला, बुश ढिले वाटले, किंवा खालच्या नळींत बारीकशी चीर दिसली, तरी हात आंवरून जाणत्या मिस्त्रीकडे जावें. मात्र असा मुलगा त्याच्याकडे जातो तेव्हां बिघाड काय आहे तें सांगूं शकतो, मिस्त्रीनें काय केलें तें समजूं शकतो, आणि त्याच्या मजुरीवरून घासाघीस करावयास लाजतो. फोर्काच्या आयुष्यापेक्षां आम्हांस हा लाभ मोठा वाटतो. ज्या वर्गांतून आमचीं मुलें येतात, त्या वर्गांत मिस्त्रीस अरेतुरे करण्याची जी रीत आहे, ती उपदेशानें गेलेली आम्हीं पाहिली नाहीं. परातीजवळ दोन तास बसल्यानें ती जाऊं लागते असें मात्र पाहिलें आहे.

खर्चाविषयीं पालकांची चिंता रास्त आहे. तेलाची बाटली, पंप व मापाचा पाना हें सारें प्रत्येक घरानें घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. आमची सूचना अशी आहे कीं, शाळेच्या हस्तव्यवसायाच्या खोलींत एक पंप, एक मापाचा पाना, दोन रबरी हातोड्या व सिरिंजांचा एक संच ठेवावा, आणि ते सहीनिशीं एका दिवसासाठीं घरीं नेतां यावेत. वापरलेलें तेल गटारांत किंवा झाडाच्या बुंध्याशीं ओततात तें बंद करून, त्यासाठीं तेथेंच एक झांकणाचा डबा असावा. तो भरला म्हणजे मोटारीच्या गॅरेजांत देतां येईल. पावसाळा संपतांच दिवाळीची सुट्टी येते, आणि फोर्क उघडण्यास वर्षांतील तोच काळ सर्वांत योग्य असतो. सुट्टीच्या आदल्या शनिवारीं दुपारीं नववी व दहावीच्या ज्या मुलामुलींस हें शिकावयाचें असेल, त्यांनीं जुने कपडे घालून, फोर्काची पुस्तिका व पालकांची चिठ्ठी घेऊन यावें. परात आम्ही आणूं.